टोंगळे दुखतात? थांबा, आधी लेबल वाचा!

‘हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य आपण ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकतो आणि गावच्या बाजारातही. पण सांधेदुखीच्या त्या गोंडस बाटलीत नेमकं काय असतं? आणि चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्या आई-बाबांसाठी ती मागवण्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत?

दिवसाचे नऊ तास खुर्चीत, दीड तास बसमध्ये, शनिवारी जोश आलाच तर जिममध्ये स्क्वॉट्स. मग रविवारी सकाळी टोंगळ्यांचं रडगाणं सुरू! (पुण्या-मुंबईच्या मंडळींनी नोंद घ्यावी : टोंगळा म्हणजे गुडघा. नागपूर ओलांडून चंद्रपूर-गडचिरोलीकडे सरकलात की गुडघे दुखत नाहीत, टोंगळे दुखतात.) सोमवारी शेजारच्या क्युबिकलमधला मित्र मोबाइलवर एक बाटली दाखवतो. हिरवं झाकण, वर पानाचं चित्र, ‘जॉइंट सपोर्ट’, साठ कॅप्सूल. ‘अरे, हर्बल आहे, काही होत नाही. बिनधास्त घे!’

आपण एक बाटली स्वतःसाठी मागवतो आणि दोन आई-बाबांसाठी. दिवाळीला बल्लारशाच्या गाडीत बसताना चिवडा-चकलीच्या बरोबरीनं या बाटल्याही बॅगेत जातात. परत येताना आई हातात एक पुडी ठेवते. गावच्या वैदूनं दिलेली, कंबरदुखीवर अगदी रामबाण! म्हणजे जडीबुटीची ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चाललेली असते, आणि बाटली असो की पुडी, आत काय आहे हे सहसा कुणी विचारत नाही.

हा लेख आयुर्वेदाच्या विरोधात नाही आणि ॲलोपॅथीची जाहिरातही नाही. सांध्यांसाठीच्या काही वनस्पतींचा खरोखर उपयोग होतो. पण ज्या गोष्टीचा शरीरावर परिणाम होतो, तिचा दुष्परिणामही होऊ शकतो. या दोन जंगल जिल्ह्यांच्या बाबतीत तर आणखी एक मुद्दा आहे. इथली सांधेदुखी दर वेळी ‘वयाची’ नसते. कधी ती दुसऱ्याच आजाराची खूण असते, आणि कॅप्सूल ती खूण झाकून टाकते.

सालई : जंगलातून थेट कॅप्सूलमध्ये

बाटलीवर बारीक अक्षरांत ‘बॉस्वेलिया सेराटा’ किंवा ‘शल्लकी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही पाहुणी मंडळी नाहीत. विदर्भातल्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर उभी असणारी, कागदासारखी साल सुटणारी सालई ती हीच. तिच्या खोडातून पाझरणाऱ्या डिंकात बॉस्वेलिक ॲसिडं असतात आणि ती शरीरातली सूज वाढवणाऱ्या एका प्रक्रियेला आळा घालतात.

उपयोग होतो का? होतो, थोडाफार. औषधांच्या चाचण्यांचा निष्पक्ष आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेनं २०१४ साली सांध्यांच्या झिजेवरच्या वनस्पतिजन्य औषधांचा लेखाजोखा मांडला. सालईचा विशिष्ट अर्क ९० दिवस घेणाऱ्यांच्या वेदना १०० पैकी सुमारे १७ गुणांनी कमी झाल्या होत्या. हे कमी नाही. पण चाचण्या छोट्या होत्या आणि थोड्या महिन्यांच्या होत्या. शिवाय तो एक ठरावीक अर्क होता, बाजारातल्या प्रत्येक ‘शल्लकी’ बाटलीला तो निकाल लागू होत नाही. साइड इफेक्ट बहुधा पोटाचे : ॲसिडिटी, मळमळ, जुलाब.

गुग्गुळाची गोष्ट जरा वेगळी. त्याचं झाड विदर्भातलं नाही, राजस्थान आणि कच्छच्या रखरखीत भागातलं. अतोनात तोडीमुळे ते आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. माल कमी आणि मागणी भरपूर, मग भेसळ आलीच. गुग्गुळ म्हणून दुसराच डिंक गळ्यात मारला जाऊ शकतो. अस्सल गुग्गुळही अगदी निरुपद्रवी नाही. २००३ साली अमेरिकेत कोलेस्टेरॉलसाठी त्याची चाचणी झाली, तेव्हा काही जणांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. थायरॉइडच्या कामावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि गरोदरपणात तो टाळलेलाच बरा.

पाच चमचे हळद, एका घोटात

‘हळद तर आपण रोजच खातो, तिचं काय टेन्शन?’ बरोबर. पण जरा हिशेब करून बघा. चहाच्या एका चमच्यात साधारण ३ ग्रॅम हळद मावते आणि तिच्यात करक्युमिन असतं ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ९० मिलिग्रॅम. ‘९५ टक्के करक्युमिनॉइड्स’ असं मिरवणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका घोटात पाच चमचे हळद! वरणाला फोडणी देताना आपण टाकतो ती चिमूट कुठे आणि हे कुठे?

एवढ्यावर थांबत नाही. हळदीतलं करक्युमिन एरवी आतड्यातून फारसं रक्तात उतरत नाही. म्हणून अनेक कंपन्या त्यात काळ्या मिरीतलं पायपरीन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिलं, की पायपरीनच्या जोडीनं करक्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढू शकतं. जाहिरातीत हा आकडा झकास दिसतो. लिव्हरला मात्र तो तितका झकास वाटेलच असं नाही. शिवाय पायपरीन दुसऱ्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं. फिट्सवर दिलं जाणारं फेनिटॉइन हे त्यातलं एक.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या आजारांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटानं २०२२ साली हळदीच्या सप्लिमेंटशी संबंधित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं, एकाचा लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे हा त्रास सगळ्यांना होत नाही, काही शरीरांना होतो. आपलं शरीर त्यातलं आहे की नाही हे आधी कळायला मार्ग नाही. हाच खरा घोळ आहे.

मुंबईतली गुळवेल

आता आपल्या घरचं उदाहरण. गुळवेल! कडुलिंबावर चढलेली, खेड्यातल्या कुठल्याही परसात सापडणारी. वातरक्तावर आणि सांधेदुखीवर आयुर्वेदात तिचं मोठं नाव आहे. २०२० साली कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी तिचा काढा घराघरांत उकळू लागला. आणि सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. लिव्हरला सूज, काहींना कावीळ, आणि सगळ्यांच्या बोलण्यात एक समान धागा : गुळवेल. डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली या रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात मांडली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते, तशी ही सूज होती.

आयुष मंत्रालयानं या निष्कर्षावर हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा काळ त्यात साधारण ४६ दिवसांचा होता.

वाद तज्ज्ञांना घालू दे. आपल्यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. एक, ज्यांना आधीपासून लिव्हरचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार आहे, त्यांनी गुळवेल स्वतःच्या मनानं घेऊ नये. दोन, पुडीतली पूड नेमकी कुठल्या वेलीची आहे हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. आणि ४६ दिवस म्हणजे दीड महिना. ‘आठवडाभर घेतली, काही झालं नाही’ हा पुरावा होऊ शकत नाही.

दोन दिवसांत आराम? मग तर सावधानच!

झाडपाल्याचं औषध हळूहळू लागू पडतं, असं आपली आजीही सांगते. मग एखाद्या ‘शुद्ध आयुर्वेदिक’ चूर्णानं दोन दिवसांत बाबा जिने चढायला लागले, तर आनंदाबरोबर शंकाही यायला हवी. त्यात स्टेरॉइड किंवा पेनकिलर मिसळलेलं असण्याची शक्यता असते.

ही कल्पनेतली भीती नाही. ‘आर्ट्री किंग’ नावाचं सांधेदुखीचं सप्लिमेंट ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जात होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ साली एकामागून एक इशारे दिले : यात लेबलवर न छापलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे पेनकिलर आहे. लिव्हरला इजा झाल्याच्या आणि मृत्यूच्याही तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. आपल्याकडे नाव नाही, बॅच नाही, कागदाच्या पुडीत बांधलेलं ‘वाताचं चूर्ण’ घेणाऱ्याला तर विचारायलाही कुणी नसतं.

छुप्या स्टेरॉइडच्या खुणा ओळखा : चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसू लागतो. भूक आणि वजन वाढतं. कालपर्यंत ताब्यात असलेली शुगर आणि बीपी अचानक उसळतं. कातडी पातळ होते, जरा धक्का लागला तरी निळे डाग पडतात. दीर्घकाळात हाडं ठिसूळ होतात. म्हणजे हाडांसाठी घेतलं आणि हाडंच गेली!

आणि हे नीट लक्षात ठेवा. अशी शंका आली तर पुडी कचऱ्यात फेकून मोकळं होऊ नका. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ते एकदम बंद झालं तर चक्कर, उलट्या, बीपी कोसळणं असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन लगेच डॉक्टरकडे जा आणि ते सांगतील तसंच कमी करा.

डायक्लोफिनॅकचं दुखणं वेगळं. ते किडनीवर आणि जठरावर येतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो, घामानं अंगातलं पाणी आटतं, अशा वेळी पेनकिलर किडनीला जास्तच जड जातं. तेंदूपत्ता तोडायला पहाटेपासून जंगलात जाणाऱ्या माणसानं ‘आयुर्वेदिक’ समजून रोज हेच घेतलं, तर काय होईल याचा अंदाज बांधा.

तिसरी भानगड जड धातूंची. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या भारतीय दुकानांमधून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ साली इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हाही प्रमाण साधारण पाचात एक असंच होतं. काही रसौषधींत धातूंची भस्मं मुद्दाम वापरतात, काही वेळा ती भेसळ असते. कारण काहीही असो, शिसं शरीरात साठत जातं. पोटदुखी, ॲनिमिया, हातापायांतली कमजोरी ही त्याची लक्षणं, आणि ती सहज ‘वयोमानावर’ खपून जातात.

बिबा, कुचला आणि कळलावी

आता बाटली बाजूला ठेवू आणि पुडीकडे वळू. गडचिरोलीच्या जंगलातल्या माणसांचं झाडांचं ज्ञान अफाट आहे. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ हे पुस्तक वाचलंत तर तिथल्या बाया झाडांना किती जवळून ओळखतात ते कळेल. दुखऱ्या सांध्यांना मोहाच्या बियांचं तेल चोळणं किंवा निर्गुडीच्या पानांचा शेक घेणं यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट चांगलंच वाटतं. पण त्याच जंगलात तीन दणकट नावंही आहेत.

बिबा. दुखऱ्या जागी बिब्याचं तेल लावायची पद्धत विदर्भात जुनी. हे झाड आंबा-काजूच्या कुळातलं, आणि त्याच्या तेलात कातडी भाजून काढणारी द्रव्यं असतात. फोड, सूज, कायमचे डाग. काही जणांना तर नुसत्या स्पर्शानं अंगभर ॲलर्जी येते.

कुचला. याच्या बीमध्ये स्ट्रिक्नीन असतं. मात्रा चुकली की स्नायू आखडतात, झटके येतात, श्वास अडकतो. आयुर्वेदात तो गोमूत्र, दूध, तूप यांच्या प्रक्रियेनं शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. ते शोधन नीट झालंय की नाही हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

कळलावी, म्हणजेच खड्यानाग. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फुलणारं, फोटो काढावासा वाटणारं फूल. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. गंमत बघा, हेच कोल्चिसिन गाउटच्या रुग्णाला डॉक्टर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत मोजून देतात. मात्र कंद खाल्ला तर मोजमाप संपलं, जीवही जाऊ शकतो. ‘नैसर्गिक’ आणि ‘औषधी’ या दोन्ही शब्दांची परीक्षा इथे होते : द्रव्य तेच, मोजून घेतलं तर औषध, न मोजता घेतलं तर विष.

आपल्या कायद्यालाही हे माहीत आहे. औषध नियमांच्या ‘शेड्यूल ई-१’ मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. बिबा, कुचला, कळलावी तिन्ही त्यात आहेत. ती पोटात घ्यायच्या औषधात असतील तर लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणं बंधनकारक आहे.

दुखणं नेमकं कशाचं?

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि कुठल्याच बाटलीवर तो लिहिलेला नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीत सांधे दुखण्याची कारणं शहरापेक्षा वेगळी असू शकतात.

सिकलसेल : रक्ताचा आनुवंशिक आजार. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, सांधे, कंबर असह्य ठणकते. १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू करून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सुरुवातीच्या संशोधनातच हा आजार जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर असल्याचं पुढे आलं. तो फक्त आदिवासींमध्येच असतो हा गैरसमज, विदर्भातल्या अनेक समाजांत तो आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. म्हणजे तुमच्या-आमच्याच वयाच्या लोकांचं!

अशा रुग्णाच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर? स्टेरॉइड थांबताच वेदनेचा झटका उलटून येऊ शकतो. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच धोक्यात असतो, स्टेरॉइडही त्याच हाडावर घाला घालतं. किडनी नाजूक असते, पेनकिलर तिच्यावर बसतं. म्हणजे एका पुडीत सगळ्याच चुका. याउलट, निदान झालं तर हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आहे, ज्यानं हे झटके कमी होतात.

फ्लोराइड : चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात गेलं की ते हाडांत बसतं. मान, पाठ, टोंगळे आखडतात. लहानपणापासून तेच पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. इथे महागातली कॅप्सूलसुद्धा काय करणार? तीही त्याच बोअरच्या पाण्याबरोबर गिळली जाते! उपाय आहे तो पाणी बदलण्याचा.

चिकनगुनिया : ताप चार दिवसांत जातो, सांधे महिनोन् महिने छळतात. २००६ साली महाराष्ट्रानं त्याची मोठी साथ पाहिली, २०२४ साली नागपुरातही तो जोरात होता. ही सांधेदुखी बहुतेकांची हळूहळू आपोआप कमी होते, आणि श्रेय मिळतं त्या वेळी चालू असलेल्या चूर्णाला.

आणि कष्ट : धानाच्या बांधीत चिखलात दिवसभर वाकून रोवणी करायची, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता. आपण डेस्क जॉबनं पाठ गेली म्हणतो, ही कामं करणाऱ्या बाईला तर पाठ आहे हे विसरायचीही सोय नाही. पाठ-कंबरदुखी इथे इतकी आहे, की शोधग्राममधल्या ‘सर्च’च्या दवाखान्यात मुंबईचे मणकेतज्ज्ञ येऊन शस्त्रक्रिया करतात. अशा दुखण्याला लागतो तपास, व्यायाम, कामाच्या पद्धतीत बदल. त्याजागी बाटली आली की तपास मागे पडतो.

गोळ्यांशी भांडण

आई-बाबांच्या औषधांच्या डब्यात आधीच गर्दी असते. त्यात हर्बल भर पडली की कोण कुणाशी भांडेल?

* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन) : हळदीचा किंवा आल्याचा अर्क, सालई, ग्लुकोसामाइन यांच्या जोडीनं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.
* डायबिटीसच्या गोळ्या : गुळवेल, अश्वगंधा, मेथी यांनी शुगर जास्तच खाली येऊ शकते.
* थायरॉइडची गोळी : गुग्गुळ आणि अश्वगंधा यांनी हिशेब बिघडू शकतो. अश्वगंधेमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.
* बीपीची गोळी : चूर्णात ज्येष्ठमध भरपूर असेल तर बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं.
* आमवातासाठी मेथोट्रेक्सेट : ते स्वतःच लिव्हरला जड असतं. वर आणखी भार नको.

कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दात काढायचा असला तरी, डॉक्टरांना सप्लिमेंटबद्दल आधीच सांगा. ‘औषध कुठली चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात लोक सप्लिमेंट मोजतच नाहीत. डॉक्टर मोजतात.

लेबल वाचायचं कसं?

एकाच शेल्फवर दोन वेगळ्या जातींच्या बाटल्या असतात. एकीवर ‘आयुर्वेदिक औषध’ असं लिहिलेलं असतं आणि औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. ते कायद्यानं औषध आहे. दुसरीवर एफएसएसएआयचा नंबर असतो आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं छापलेलं असतं. ते कायद्यानं अन्न आहे! सांधेदुखी बरी करण्याचा दावा करायला त्याला मुभा नाही. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘पेन रिलीफ’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘औषध नाही’ असं दिसलं, की ती बाटली परत जागेवर ठेवायची.

बाकी चेकलिस्ट सोपी आहे. प्रत्येक घटक आणि त्याचं मिलिग्रॅममधलं प्रमाण लिहिलंय का? ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून मोघम एकच आकडा दिला असेल तर नको. बॅच नंबर, उत्पादन आणि एक्स्पायरीची तारीख, कंपनीचा पत्ता हवाच. आणि ‘१०० टक्के गॅरंटी’ किंवा ‘साइड इफेक्ट शून्य’ दिसलं तर पुढे वाचूच नका.

डॉक्टरकडे धाव कधी?

डोळे किंवा लघवी पिवळी-गडद झाली, अंगाला खाज सुटली, जेवण नकोसं झालं, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं : लिव्हर हाक मारतंय. शौचाला काळी झाली : पोटात रक्तस्राव असू शकतो. लघवी कमी, पायांवर सूज : किडनी तपासा. सांधा लाल, गरम, सोबत ताप : हे चूर्णाचं काम नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना बाटली किंवा पुडी सोबत न्या, फेकू नका. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार सामान्य माणूसही करू शकतो. राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा टोल-फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४. आयुर्वेदिक औषधांच्या तक्रारींसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणाही २०१८ पासून आहे.

या रविवारचा फोन

घरी फोन कराल तेव्हा ‘जेवलीस का?’च्या पुढे चार प्रश्न विचारा.

१. आई, टोंगळ्यांसाठी नेमकं काय काय घेतेस? बाटलीचा मागच्या बाजूचा फोटो पाठव.
२. ते कधीपासून चालू आहे, आणि सुरू केल्यापासून शुगर, बीपी, वजन बदललं का?
३. घरात कुणाची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? (सरकारी दवाखान्यात ती होते, आणि तुमची स्वतःची झाली नसेल तर तुमचीही करून घ्या. लग्न ठरायच्या आधी केलेली सगळ्यात उत्तम.)
४. प्यायचं पाणी कुठलं? बोअरचं असेल तर त्यातलं फ्लोराइड कधी तपासलंय का?

चारही उत्तरं कागदावर लिहा आणि आई-बाबांच्या डॉक्टरांना किंवा पदवीधर वैद्यांना दाखवा. काहींना सालईची कॅप्सूल चालेल, काहींना फिजिओथेरपी लागेल, एखाद्याला फक्त दुसऱ्या विहिरीचं पाणी. तोपर्यंत ऑनलाइन कार्टमधली ती बाटली कार्टमध्येच राहू द्या.